साचा, वारसा आणि बहुरूपी

तोंडी परीक्षेत ‘क्लास म्हणजे काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि उत्तरही ठरलेलं: क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, एवढं तो बिनचूक सांगतो. इन्हेरिटन्स म्हणजे वारसा, पॉलिमॉर्फिझम म्हणजे बहुरूपता, एन्कॅप्सुलेशन म्हणजे औषधाच्या कॅप्सूलसारखं आवरण, हेही पाठ असतं. मग मी त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवतो आणि म्हणतो, ‘ऊसतोडीच्या दोन टोळ्या पायथनमध्ये कर. प्रत्येक टोळीला मुकादम, मजुरांची नावं आणि घेतलेली उचल.’ तिथे बोटं थांबतात. व्याख्या येते, टोळी येत नाही.

पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी या भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. ओळ लिहिली की लगेच चालवून बघता येते, आधी सगळा प्रोग्राम वेगळा कंपाइल करावा लागत नाही. या भाषांमधून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत शिकताना आपल्या बीड जिल्ह्यातल्या मुलामुलींना काय गवसतं आणि कुठे अडतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही पद्धत शिकायला स्क्रिप्टिंग भाषेसारखं दुसरं दार नाही. पण त्या दारातून आत नेताना आपण मुलांच्या डोक्यावर सी++ आणि जावाचं गाठोडं तसंच ठेवतो, आणि मराठीत दिलेल्या तीन उपमांना शेवटपर्यंत हात लावत नाही.

गाठोडं कुठून येतं ते पाहू. बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्याला ऑब्जेक्ट पहिल्यांदा भेटतो तो सी++ मध्ये. त्याच वर्गात आयटी घेणाऱ्याला जावास्क्रिप्ट आणि पीएचपी भेटतात, पण त्यांचा रोख वेब पानांवर असतो. तंत्रनिकेतनात तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ स्कीमने तिसऱ्या सत्रात सी++, चौथ्यात जावा, पाचव्यात जावास्क्रिप्ट आणि सहाव्यात पायथन अशी उतरंड लावली होती. म्हणजे पायथनपाशी पोचेपर्यंत मुलाने क्लास ही गोष्ट दोनदा पाठ केलेली असते. तिसऱ्यांदा तो शिकत नाही, जुनंच उत्तर नव्या अक्षरात लिहितो. कित्येकांची सुरुवात टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर झालेली असते. ती आवृत्ती १९९० च्या दशकातली, सी++ ची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९८ ची. भाषा प्रमाण व्हायच्या आधीचं तिचं रूप आपण मुलांना अनेक वर्षं शिकवत राहिलो.

ही कल्पना मुळात आली कशासाठी, हे सांगितलं तर निम्मं काम होतं. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही भाषा उभी केली. त्यांना खऱ्या जगातल्या रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं संगणकावर हुबेहूब चालवून बघायची होती. प्रत्येक वाहन वेगळं, प्रत्येकाची अवस्था वेगळी, पण वागण्याची रीत एक. साखर कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लागण्याची वाट बघत उभी असलेली उसाच्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ॲलन के आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्मॉलटॉक केली आणि ऑब्जेक्ट एकमेकांना निरोप धाडतात ही दृष्टी दिली. १९७९ मध्ये ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युलाची कल्पना सी भाषेत आणायला घेतली, त्यातून सी++ झाली. आपल्या अभ्यासक्रमात ही सी++ ची फांदी आधी आली, निरोपाची फांदी उशिरा.

स्क्रिप्टिंग भाषांमध्येही सगळ्यांची कुळकथा सारखी नाही. गिडो व्हान रोसम यांची पायथन फेब्रुवारी १९९१ मध्ये बाहेर आली तेव्हाच तिच्यात क्लास होते. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोंची रुबी तर ऑब्जेक्टवरच उभी आहे. पर्ल १९८७ ची, पण तिला ऑब्जेक्ट मिळाले १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत. पीएचपीत १९९८ ला क्लास आला तो जुजबी, खरं ऑब्जेक्ट मॉडेल २००४ च्या पाचव्या आवृत्तीतलं. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइख यांनी दहा दिवसांत उभी केली; तिच्यात ऑब्जेक्ट होते, क्लास नव्हता. क्लास हा शब्द तिला २०१५ मध्ये मिळाला, तोही आतल्या जुन्या रचनेवर घातलेला अंगरखा म्हणून. त्यामुळे ‘स्क्रिप्टिंग भाषेतली ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत’ असा एकच धडा लिहिता येत नाही. या आढाव्यात मी बहुतेक वेळ पायथनपाशी थांबणार आहे, कारण आपल्याकडची मुलं आता तिच्याकडेच वळली आहेत.

आता साचा. गणपतीची मूर्ती साच्यातून निघाली की साच्याशी तिचा संबंध संपला. उद्या साचा फुटला, कुणी त्यात सोंड उजवीकडे वळवली, तरी घरात बसलेल्या मूर्तीला त्याचं काही नाही. पायथनमधला ऑब्जेक्ट असा नसतो. त्याला काही करायला सांगितलं की तो आधी स्वतःपाशी बघतो, सापडलं नाही तर आपल्या क्लासकडे जातो, तिथे नाही मिळालं तर त्याच्याही वरच्या क्लासकडे. दारात उभ्या पाहुण्याने काही विचारलं की लहान पोरगं म्हणतं ना, ‘थांबा, आईला विचारून सांगतो’, आणि आईला माहीत नसलं तर आजीला विचारायला आत पळतं, तसं. आणि हे विचारणं प्रत्येक वेळी नव्याने होतं. म्हणून प्रोग्राम चालू असतानाच क्लासमधली एखादी मेथड बदलली, तर आधी तयार झालेले ऑब्जेक्टही त्या क्षणापासून नव्या रीतीने वागतात. पायथनच्या प्रॉम्प्टवर हे दोन मिनिटांत करून दाखवता येतं. मूर्ती तयार झाल्यावर साच्यात सोंड वळवली आणि घरातल्या मूर्तीचीही सोंड वळली! मुलं पहिल्यांदा पुढे सरकून बसतात ती इथे.

हे कळलं नाही तर काय होतं, ते टोळीच्या उदाहरणातच दिसतं. बहुतेक मुलं टोळीचा क्लास लिहिताना वरच, क्लासच्या अंगात, दोन ओळी लिहितात: उचल बरोबर शून्य, नावं बरोबर रिकामी यादी. मग दोन टोळ्या करतात. पहिल्या टोळीची उचल पन्नास हजार लिहिली, दुसरीची शून्यच राहिली. छान. पहिल्या टोळीच्या यादीत एक नाव घातलं, आणि तेच नाव दुसऱ्या टोळीतही दिसायला लागलं. एका मुकादमाचा मजूर दुसऱ्याच्या वहीत! उचल वेगळी राहते आणि नावं मिसळतात, हे बघून हुशार मुलगीही चक्रावते. कारण सरळ आहे. उचल लिहिताना ‘बरोबर’चं चिन्ह वापरलं, त्यामुळे पहिल्या टोळीला स्वतःची नवी नोंद मिळाली. नाव घालताना मात्र आधी यादी शोधावी लागली. टोळीपाशी यादी नव्हती, म्हणून ती क्लासकडे गेली, आणि तिथली एकुलती एक यादी दोघींच्या हाती लागली. आईजवळची वही एकच, दोन्ही पोरं त्यातच लिहितात. यादी ऑब्जेक्ट तयार होतानाच, म्हणजे इनिट नावाच्या मेथडमध्ये, ‘सेल्फ’ला जोडून करायची, की प्रत्येकाची वही वेगळी होते. मी ही चूक मुलांना मुद्दाम करू देतो. अख्ख्या धड्यातली ही सगळ्यात मोलाची चूक आहे, आणि साच्याच्या व्याख्येवर थांबलेल्या मुलाला ती कधीच समजत नाही.

‘सेल्फ’चंही तसंच. सी++ आणि जावामध्ये ‘धिस’ न बोलावता हजर असतो. पायथन तो मेथडच्या कंसात पहिला लिहायला लावते. मुलं विसरतात आणि पडद्यावर तक्रार येते: शून्य आर्ग्युमेंट हवे होते, एक दिला गेला. पोरगं म्हणतं, ‘सर, मी तर कंसात काहीच दिलं नाही.’ या प्रश्नासाठीच पायथन शिकवावी. कारण टोळीला हाक मारून मेथड चालवली तेव्हा पायथनने ती टोळीच पहिला आर्ग्युमेंट म्हणून आत पाठवली होती. क्लासकडे मेथड एकच आहे, कोणत्या टोळीसाठी चालायचं ते तिला कुणीतरी सांगायला नको का? दुसऱ्या भाषा जे झाकून ठेवतात ते ही भाषा ओळीत लिहून दाखवते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय नाही.

वारसा हा दुसरा शब्द, आणि आपल्या भागात तो फार जड आहे. वारसा म्हटलं की सातबारा, फेरफार, वारसनोंद आठवते. बाप गेल्यावर पोरांची नावं लागतात, चार भाऊ असले तर आठ एकराचे दोन-दोन एकर होतात. या अर्थाने इन्हेरिटन्स समजून घेतलं तर सगळंच उलटं पडतं. इथे वरचा क्लास जिवंत असतानाच वारसा मिळतो. चार उपक्लास असोत की चाळीस, प्रत्येकाला सगळंच्या सगळं मिळतं, वाटणी होत नाही. आणि वरच्या क्लासने उद्या नवीन काही कमावलं तर तेही त्याच घडीला खाली पोचतं. जमिनीचा वारसा भूतकाळातून येतो, प्रोग्राममधला वारसा दर वेळी वर विचारायला जाण्यातून. दोन क्लासकडून एकदम वारसा घेतला तर आधी कुणाला विचारायचं, याचा पायथनमध्ये ठरलेला क्रम आहे. २००३ च्या २.३ आवृत्तीपासून तो सी-थ्री नावाच्या पद्धतीने लावला जातो, आणि क्लासलाच विचारलं तर तो क्रम छापून देतो. परीक्षेत या क्रमाची आकृती काढण्यापेक्षा तो छापून वाचणं दहापट उपयोगाचं.

या शब्दाच्या ओझ्यामुळे मुलं जिथे तिथे वारसा लावतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दिली की एक क्लास दुसऱ्याचा वारस करून टाकतात. ट्रॉली ट्रॅक्टरच्या पोटची नव्हे, ती त्याला जोडलेली आहे. संध्याकाळी पिन काढली की सुटते. याला कॉम्पोझिशन म्हणतात. ‘आय’ स्कीमच्या पायथनच्या पाचव्या घटकात वारशाच्या शेजारी कॉम्पोझिशनही लिहिलेलं होतं, ही चांगली गोष्ट. पण वारशाला दोन तास मिळतात आणि जोडणीला दोन ओळी. माझ्या अनुभवात, मुलांना पुढे नोकरीत लिहावे लागणारे प्रोग्राम बहुतांशी जोडणीचे असतात.

तिसरा शब्द बहुरूपता, आणि इथे तर उपमा डोक्यावर उभी राहते. आपल्या गावात येणारा बहुरूपी म्हणजे एकच माणूस, आज पोलीस, उद्या देव. पॉलिमॉर्फिझममध्ये माणसं वेगवेगळी असतात आणि हाक एकच असते. त्याचं खरं चित्र कारखान्याच्या वजनकाट्यावर बघायला मिळतं. काट्यावर बैलगाडी येते, ट्रॅक्टर येतो, ट्रक येतो. काटेवाल्याला गाडीची जात विचारायचं कारण नसतं. भरलेलं वजन हवं आणि रिकाम्या गाडीचं हवं, वजाबाकी केली की ऊस. ज्याला ही दोन वजनं देता येतात ते काट्यावर चढू शकतं. सी++ मध्ये असा काटा बांधायचा तर बहुतेक वेळा आधी ‘वाहन’ असा क्लास, त्यात व्हर्च्युअल फंक्शन, आणि तिन्ही गाड्या त्याच्या वारस कराव्या लागतात. पायथनमध्ये तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी चालतं. वजन विचारलं आणि उत्तर आलं, संपलं. म्हणून पायथनचं उत्तर लिहिताना वारशाची आकृती काढून सुरुवात करणारा विद्यार्थी सी++ चंच उत्तर लिहीत असतो.

‘आय’ स्कीमच्या त्याच पाचव्या घटकात ‘मेथड ओव्हरलोडिंग’ही होतं. एकाच नावाच्या दोन मेथड, वेगवेगळ्या आर्ग्युमेंटच्या. पायथन असं करू देत नाही, आणि तक्रारही करत नाही. दुसरी मेथड लिहिली की पहिली गुपचूप पुसली जाते. जे हवं ते पायथनमध्ये मूळ किंमत दिलेल्या आर्ग्युमेंटने साधतं. ‘पायथनमध्ये ओव्हरलोडिंग तसं नाही, असं आहे’ हे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळायला हवेत, आणि तपासणाऱ्याने आधी ते स्वतः चालवून पाहिलेलं हवं.

डेटा लपवण्याबद्दल थोडक्यात. सी++ मध्ये प्रायव्हेटला हात लावला की कंपाइलर अडवतो. पायथनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोर म्हणजे दारावरची ‘विचारून आत यावे’ ही पाटी. दोन अंडरस्कोर लावले तर नावाला क्लासचं नाव चिकटून ते बदलतं, पण ज्याला जायचंच आहे तो जातो. पीएचपीत प्रायव्हेट आहे. जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत २०२२ पासून हॅशचं चिन्ह लावून खरं खासगी ठेवता येतं. पायथनचा मार्ग समजुतीवर चालतो, आणि शिकणाऱ्याला तो पुरतो.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक खोल खड्डा आहे, तो न सांगता पुढे जाऊ नये. तिच्यातला ‘धिस’ बहुतेक वेळा मेथड कुठे लिहिली यावर ठरत नाही, कशी बोलावली यावर ठरतो. बटणाला मेथड जोडली, बटण दाबलं, आणि ‘धिस’ म्हणजे टोळी न राहता बटण झालं. आयटीच्या मुलांना हे उशिरा आणि रडत कळतं. सुरुवात करणाऱ्याने पायथन आधी आणि जावास्क्रिप्ट मागून घ्यावी असं मी म्हणतो, ते मुख्यतः यासाठी.

आता भाषेचा, म्हणजे आपल्या भाषेचा मुद्दा. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्या मुलापुढे दोन अडचणी एकदम येतात, नवी कल्पना आणि इंग्रजी नावं. पायथन ३ मध्ये क्लास, व्हेरिएबल, मेथड यांची नावं देवनागरीत ठेवता येतात, हे अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. मुकादम, टोळी, उचल, कोयता ही नावं जशीच्या तशी चालतात. देवनागरीत टाइप केलेलं ‘१२’ अवतरणात देऊन त्याची संख्या करायला सांगितली तर पायथन बारा देते. जावास्क्रिप्टला तेच दिलं तर ती म्हणते, ही संख्याच नाही. एक मराठमोळी अडचण मात्र आहे. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याचा’ यातला अर्धा र काही कीबोर्ड एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तयार करतात. ते चिन्ह नावात आलं की पायथन अडते आणि मूल स्क्रीनकडे बघत राहतं, कारण डोळ्याला चूक दिसतच नाही. जावास्क्रिप्ट तेच चिन्ह चालवून घेते. म्हणून ‘शेतकऱ्याचे_नाव’ऐवजी ‘नाव’ ठेवावं. तसंही क्लासच्या आत ते कुणाचं हे सांगायची गरज नसते. इंग्रजीतली नावं शिकावी लागणारच, नोकरीत तीच लागतात. पण पहिले आठ-दहा दिवस आपल्या शब्दांत काढले तर कल्पना आधी पक्की होते.

साधनांचं दुखणं आता थोडं हलकं झालं आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकता येतात आणि फुकट आहेत. घरी संगणक नसलेली मुलं फोनच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडून पायथन चालवतात. वीज गेली तरी फोन चालू असतो. फोनच्या कीबोर्डवर ओळीआधीच्या रिकाम्या जागा सांभाळणं जिकिरीचं आहे, आणि पायथनमध्ये त्या जागांनाच अर्थ असल्यामुळे क्लासच्या आतली मेथड बाहेर पडते आणि सगळं कोसळतं. याला उपाय एकच, आधी कागदावर लिहायचं आणि मग टाइप करायचं. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पंचीकरण या वेदान्तातल्या विषयाचा सगळा पसारा, आकृत्यांसकट, चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहून काढला. गुंतागुंतीची मांडणी डोळ्यापुढे एकसलग पसरून बघायची रीत या जिल्ह्याला नवी नाही. मी मुलांना जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे ऑब्जेक्टची चित्रं काढायला लावतो: कोण कुणाला विचारतं, कुणाची वही कुणाकडे.

शेवटचा स्वाध्याय नेहमी कोयत्याचा असतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला, सही किंवा अंगठा बहुधा नवऱ्याचा. पहिल्या फटक्यात जवळपास सगळी मुलं कोयता असा क्लास करतात आणि त्यात नाव, उचल, मजुरी अशा तीन गोष्टी ठेवतात. प्रोग्राम चालतो, हिशेब बरोबर येतो. मग मी विचारतो, यातल्या बाईचा दवाखान्याचा खर्च कुठे लिहायचा? २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, सरकारने समिती नेमली. त्या समितीसाठी या क्लासमधून यादी काढायची झाली तर काय निघेल? वर्गात शांतता पसरते, कारण अर्ध्याअधिक मुलांच्या घरी कोयता आहे.

मागच्या हंगामात एका मुलीने याचं उत्तर फळ्यावर मांडलं. तिने मजूर असा वेगळा क्लास केला आणि कोयता ठेवला, पण त्याच्या आत दोन मजूर जोडले, वारस न करता. मजुरी, हजेरी, दवाखाना, सगळं ज्याचं त्याच्यापाशी. कोयत्याला एकूण मजुरी विचारली की तो दोघांना विचारून बेरीज सांगतो. मुकादमाच्या वहीला जो आकडा लागतो तो पहिल्याइतकाच आला, एक रुपयाचाही फरक नाही. खाली मात्र आता दोन नावं छापून येत होती, आणि तिने पहिलं आईचं घातलं होतं.